उभ्यानं सांगायची बातमी

परवा माझ्या नातवानं ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधल्या फ्लॅटमध्ये माझ्या खुर्चीशेजारी बसून मोबाइलवरची एक बातमी वाचून दाखवली. मुसलमान देशांचे मंत्री कुठंशी जमले होते. वाळवंट पसरतंय, पूर येताहेत, भूकंप होताहेत, तर यापुढे एकमेकांना वेळेवर कळवायचं, एकमेकांच्या मदतीला जायचं, असं काहीतरी ठरलं होतं. वाचून झाल्यावर तो हसला. "आजी, हे सगळं फोटो काढायला असतं गं. बाद में कोई किसी को नहीं पूछता." मी म्हटलं, गप बस, तुला काय ठाऊक. हे होतं. मी होताना पाहिलंय. आणि ते कुठं मोडतं तेही पाहिलंय, आपल्याच घरात. तो "अच्छा" म्हणाला आणि परत मोबाइलमध्ये डोकं घातलं. त्याला ऐकायचं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

मी लग्न होऊन साताऱ्याहून ग्वाल्हेरला आले तेव्हा शिंद्यांचं संस्थान विलीन होऊन मध्यभारत हे नवं राज्य झालं होतं. खासगी बाजारातल्या आमच्या घरी मात्र ते कोणाच्या पचनी पडलं नव्हतं. सासूबाई अजून पगाराला "दरबारचा पगार" म्हणत. त्यांचं मराठी मला आधी कळायचंच नाही. "सूनबाई, दूध उतू जाऊन राहिलं आहे, जरा बघून घे ना" हे ऐकून मी पहिल्या दिवशी नुसती बघत उभी राहिले होते आणि दूध गेलं.

माझे सासरे, मामंजी, दरबारच्या फारसी दफ्तरात होते. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. दख्खनेतून शिंद्यांबरोबर आले ते लेखणी घेऊन आले. फारसी खलिते वाचायचे, उत्तरं लिहायची. विलीनीकरणात ते दफ्तर बंद झालं. नव्या सरकारनं जुने नोकर जिथं जागा दिसली तिथं बसवले, आणि मामंजींच्या वाट्याला शेतकी खात्यातलं टोळांचं, इथल्या भाषेत टिड्डीचं, टेबल आलं. मला हसू आवरेना. फारसीचे एवढे पंडित आणि नशिबी काय, तर किडे.

पण ते टेबल खोटं नव्हतं. त्या वर्षांत टोळधाडीनं सगळ्या मुलखाला धाक घातला होता. टोळ अरबस्तानच्या वाळूत अंडी घालत, तिथून उठून इराणात उतरत, इराणातून बलुचिस्तान, सिंध, मग राजपुताना आणि वारं तसं असलं तर आमच्यापर्यंत. त्यामुळं अरबांनी इराणला कळवायचं, इराणनं कराचीला, कराचीनं दिल्लीला आणि दिल्लीनं आम्हाला. कराचीच्या लॉऱ्या माणसं आणि विषारी पूड भरून इराणात जात, इराणची माणसं आणखी पुढं. या मुलखांचं एरवी एकमेकांशी फार गूळपीठ होतं असं नाही. आमचं आणि कराचीचं तर विळ्याभोपळ्याइतकंच सख्य. तरी टोळांची तार कधी चुकली नाही. ती शेवटी मामंजींच्या टेबलावर यायची. त्यांनी ती मोठ्या साहेबांना कळवायची, साहेबांनी हुकूम द्यायचा, की गोदामाचं कुलूप निघून पूड गावोगाव जायची. आधी कळलं तर माणसं धूर करून, पत्रे बडवून टोळांना उतरू देत नाहीत, आणि उतरलेच तर पहाटे गारठून बसलेले असताना पूड टाकता येते. नाही कळलं तर काही करता येत नाही. एवढंच त्या टेबलाचं काम होतं.

इराणहून फारसीत छापलेल्या पुस्तिकाही यायच्या. खात्यात त्या वाचणारे एकटे मामंजी. त्यांना तेवढाच आनंद. दर शुक्रवारी नमाजानंतर मौलवीसाहेब आमच्याकडे यायचे आणि दोघं मिळून त्या पुस्तिका वाचायचे.

मौलवीसाहेब म्हणजे फारसी दफ्तरातले मामंजींच्या शेजारच्या गादीवरचे. दफ्तर बंद झाल्यावर ते शहराबाहेर, मुरारच्या पलीकडं आपल्या अमरुदाच्या बागेत जाऊन राहिले. अमरूद म्हणजे पेरू, पण ग्वाल्हेरात त्याला पेरू म्हणणारी मी एकटीच. फाळणीत त्यांचे भाऊ पाकिस्तानात गेले, एकुलता एक मुलगाही गेला. मुलगा कराचीला टोळांच्याच खात्यात लागला आणि लॉऱ्यांबरोबर इराणात जाऊन येऊ लागला. सगळे मौलवीसाहेबांना म्हणत, तुम्हीही जा. ते म्हणत, "पेड़ों को किस डिब्बे में बिठाऊँ?" एकेक झाड त्यांनी हातानं लावलेलं होतं. त्यांचं राहणं त्या बागेवर होतं. बाग आहे तोवर ते इथं आणि बाग गेली की त्यांना इथं धरून ठेवणारं काही नाही, हे ते स्वतःच हसत हसत सांगायचे.

त्यांचा कप वेगळा होता. निळ्या काठाचा, चिनी मातीचा. तो सासूबाई कोनाड्यात ठेवायला लावायच्या आणि विसळायचा मीच. ज्या माणसाबरोबर घरचा कर्ता पुरुष मांडीला मांडी लावून बसतो, त्याचा कप कोनाड्यात. मला या घराचं काही कळत नसे. पण मौलवीसाहेब त्या कपातून मजेत चहा प्यायचे आणि म्हणायचे, "पंडितजी, आज लड़के का ख़त आया. लिखता है, टिड्डी के मामले में अरब, ईरानी, पाकिस्तानी सब सगे भाई हैं. बाक़ी मामलों में ख़ुदा हाफ़िज़." मग दोघंही मोठ्यानं हसायचे.

अशाच एका शुक्रवारी मामंजींनी मला दरबारचा एक रिवाज सांगितला. मी विचारलं होतं की आमच्या घरी वाईट बातमी कोणी चटकन बोलत का नाही. ते म्हणाले, चांगली बातमी कागदावर पाठवली तरी चालते, नोकराहाती पाठवली तरी चालते. वाईट बातमी ज्याच्या हाती पहिल्यांदा आली, त्यानं स्वतः जाऊन, उभं राहून, तोंडानं सांगायची. आधी आपल्या मालकाला, मग इतरांना. कागदावर पाठवणं म्हणजे दगड मारून पळून जाणं. आणि ऐकणारा "बसा" म्हणेपर्यंत बसायचं नाही. त्यांच्या वडिलांनी एका सरदाराच्या घरी मुलगा लढाईत गेल्याची बातमी अशीच सांगितली होती आणि दिवेलागणीपर्यंत उभे होते. "बसा म्हटलं म्हणजे काय, माफ केलं?" मी विचारलं. "माफ नाही," मामंजी म्हणाले. "तुझं काम झालं, एवढंच." मौलवीसाहेबांनी मान हलवली. मला तो रिवाज आवडला होता, खोटं कशाला सांगू.

त्या वर्षी गणपती आणि मोहरम एकदम आले. ग्वाल्हेरात ते नवलाचं नाही. आमच्याकडे देवघरात गणपती बसलेला आणि गल्लीच्या तोंडाशी ताजियाचं, म्हणजे ताबुताचं, काम चाललेलं, त्यात मराठ्यांच्या घरांचेही ताजिये. दोन्हीकडचे ताशे एकमेकांत मिसळून कान किटायचे. मध्यभारताच्या राजधान्या दोन, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर, त्यामुळं साहेबलोक अजून इंदूरलाच होते. त्यातच गावभर कुजबुज की मध्यभारतही राहत नाही, सगळंच नव्यानं मांडणार, कोणाला ठेवणार आणि कोणाला काढणार याच्या याद्या होताहेत.

एके दिवशी मामंजी भर दुपारी कचेरीतून घरी आले. परत आंघोळ केली. पांढरा अंगरखा घातला, पेटीतून पगडी काढून डोक्यावर ठेवली. सासूबाईंना म्हणाले, "इंदूरला जाणं आहे. साहेबांना भेटून येतो."

"गणपती घरात असताना?" सासूबाई म्हणाल्या.

आमचे हे कॉलेजातून जेवायला आले होते. ते म्हणाले, "बाबा, जे काही आहे ते फोन करून द्या ना. नाहीतर तार करून द्या. इतका लंबा सफर, भोपाळला गाडी बदला, ही झंझट कशाला?"

"ते कागदावर व्हायचं नाही," मामंजी म्हणाले.

"नोकरीचं आहे का?"

मामंजी जोडे घालायला लागले. आम्हाला वाटलं, नोकरीचंच. यादीतून नाव काढू नका म्हणून सांगायला चालले असतील. सासूबाईंनी दशम्या बांधल्या.

मी खिडकीत उभी होते. टांगा गल्लीच्या तोंडाशी गेला आणि समोरून मौलवीसाहेब आले. ताजिया बघायला आले होते. मामंजींनी टांगा थांबवला, खाली उतरून सलाम केला. एवढ्या अंतरावरून आवाज नीट ऐकू येत होते.

"कहाँ चले, पंडितजी?"

"ज़रा इंदौर."

"ख़ैर तो है?"

"आपकी दुआ है," मामंजी म्हणाले, आणि टांग्यात बसले.

त्या वेळी टोळांची तार त्यांच्या अंगरख्याच्या खिशात होती. अरबस्तानातून उठलेली, इराणातून, कराचीतून, दिल्लीतून आलेली. कदाचित मौलवीसाहेबांच्या मुलाच्याच हातून पुढं गेलेली. ज्याच्या बागेवर टोळ यायचे होते तो माणूस समोर उभा होता. पण मालक, म्हणजे मोठे साहेब, इंदुरात होते आणि आधी मालकाला सांगायचं होतं. आम्हाला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मी खिडकीतून नुसतं पाहिलं की मामंजी टांग्यात ताठ बसले आहेत आणि पाठीमागं वळून बघत नाहीत.

मामंजी परत यायच्या आत टोळ आले. तिसऱ्या प्रहरी ऊन एकाएकी मळकट झालं. सासूबाई म्हणाल्या, आंधी आली, कपडे काढून घे. मी गच्चीवर गेले. शिवपुरीच्या बाजूनं आभाळ हलत होतं. खरखर आवाज यायला लागला, सुकी पानं पायाखाली चुरडावीत तसा, पण वरून. मग ते अंगावर पडायला लागले, लालसर, बोटाएवढे, केसांत, पदरात. सगळ्या गच्च्यांवर माणसं थाळ्या बडवत होती. ताजियाचे ताशे, गणपतीच्या झांजा, जे हाताला लागलं ते. पोरं ओरडत होती, त्यांना गंमत वाटत होती. मी किंचाळत खाली पळाले. देवघराची खिडकी उघडी राहिली होती. गणपतीच्या डोक्यावरच्या दूर्वा टोळांनी खाल्ल्या होत्या, एक काडी शिल्लक नव्हती. सासूबाई तिथंच मटकन खाली बसल्या.

शहरात ते फार थांबले नाहीत. थांबून खायला शहरात होतं काय? ते मुरारकडं गेले आणि अंधार पडताना तिथं उतरले.

सकाळी हे सायकल घेऊन गेले. दुपारी परत आले ते पाणीसुद्धा न मागता ओट्यावर बसून राहिले. म्हणाले, बाजरीचे नुसते दांडे उभे आहेत. अमरुदाच्या झाडांना पान नाही. पानं खाऊन झाल्यावर सालं खाल्ली, फांद्या पांढऱ्या दिसून राहिल्या आहेत. गावकऱ्यांनी पहाटे गोदामाकडं माणूस पळवला होता, तर गोदामवाला म्हणाला, पूड भरपूर आहे, पण हुकूम नाही. "कोणी सांगितलंच नाही म्हणतात," हे म्हणाले. "बाबांच्या टेबलाला तार आली नसेल का? हर बार तर येते."

मी आणि सासूबाईंनी एकमेकींकडं पाहिलं नाही. पण दोघींनाही एकाच वेळी कळलं असावं.

मामंजी परतले. इंदुरातलं त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं. साहेब दौऱ्यावर होते. कचेरीतल्या बाबूनं काय काम आहे विचारलं, यांनी सांगितलं नाही. साहेबांची वाट पाहत बाकावर बसून राहिले. साहेब आले तेव्हा यांनी उभं राहून रीतसर सांगितलं. साहेब आधी समजलेच नाहीत. मग म्हणाले, "अरे भाई, फ़ोन क्यों नहीं किया? टिड्डी तो उतर भी चुकी."

"फोन का नाही केला?" आमच्या ह्यांनीही तेच विचारलं. एरवी वडिलांपुढं आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी ओरडले. मामंजी म्हणाले, "वाईट बातमी होती." मला त्यांचा इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. तो राग अजून पुरता गेलेला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं संस्थान गेलं, दरबार गेला, दफ्तर गेलं, आणि रिवाज तेवढा राहिला. आणि तो दुष्ट रिवाज नव्हता, हेच तर सगळ्यात वाईट. दुष्ट असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. एकमेकांची तोंडं न बघणाऱ्या मुलखांनी एक बातमी हातोहात इथवर आणली, आणि शेवटचा हात आमचा निघाला.

मामंजी जेवले नाहीत. टांगा बोलावला आणि मला म्हणाले, "तू चल. त्यांच्या घरात बायका असतील, त्यांच्याजवळ बस."

बागेत हिरवं काही नव्हतं. जमिनीवर मेलेले टोळ आणि त्यांची घाण, तिचा वास. दिवसाढवळ्या झाडांना सावली नव्हती. मौलवीसाहेब खाटेवर बसले होते. उठू लागले तेव्हा मामंजींनी हात करून त्यांना बसवलं आणि स्वतः समोर उभे राहिले. मी मौलवीसाहेबांच्या बीबींजवळ दारात बसले.

"ख़बर आई थी," मामंजी म्हणाले. "मेरे ही पास आई थी. आपके साहबज़ादे के महकमे से चली थी. मैं उसे लेकर इंदौर गया."

मौलवीसाहेबांनी मान वर केली.

"गली में मिले थे, तब जेब में थी?"

"जी. थी."

बस्स. यापुढं मौलवीसाहेब एक अक्षर बोलले नाहीत. रागावले नाहीत, रडले नाहीत. मामंजी उभे. बीबी माझा हात धरून हळूहळू रडत होत्या. ऊन उतरलं, गावाच्या मशिदीतून अजान झाली. मौलवीसाहेब उठले, मामंजींच्या बाजूनं गेले आणि आत जाऊन नमाजाला उभे राहिले. मामंजी रिकाम्या खाटेसमोर उभेच. टांगेवाला घोडा जोडून घाई करायला लागला. मी जाऊन म्हटलं, "मामंजी, चला."

"त्यांनी बसा म्हटलं नाही, सूनबाई."

"चला," मी म्हटलं. त्यांच्या पायांत गोळे आले होते. टांग्यात चढताना मला आधार द्यावा लागला.

थंडी पडायच्या आत मौलवीसाहेब आणि बीबी कराचीला गेले. जाताना भेटायला आले नाहीत. पुढच्या वर्षी त्या झाडांना पालवी फुटली असं हे सांगत आले, कारण पेरू चिवट असतो, पण तेव्हा बाग दुसऱ्या कोणाची होती. शुक्रवारी मामंजी एकटे पुस्तिका उघडून बसायचे. निळ्या काठाचा कप कोनाड्यातच होता. एकदा मी तो विसळून मामंजींनाच त्यातून चहा दिला. सासूबाईंनी पाहिलं.

मग मध्यभारतही गेला. मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. कचेऱ्यांच्या फायली पेट्यांत भरून स्टेशनवर गेल्या, त्यांच्याबरोबर निम्मा ओळखीचा गाव गेला. टोळांचं टेबल कोणाच्या यादीत बसेना. मामंजी रोज कचेरीत जाऊन बसत आणि रोज म्हणत, भोपाळहून कोणीतरी येऊन सांगेल.

कागद आला तो पोस्टानं. सकाळी पोस्टमननं दारातून आत टाकला. मामंजींनी पाकीट उघडलं, वाचलं आणि दाराकडं पाहायला लागले.

"हे सांगायला कोण आलंय?"

"पोस्टमन होता, मामंजी," मी म्हटलं. "गेला."

"तो नाही. सांगायला?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. हे कॉलेजात होते. मामंजी अजून दाराकडं पाहत होते, आणि कोणी येणार नाही हे त्यांना कोण सांगणार होतं? मी त्यांच्या हातातला कागद घेतला. हिंदीत टाइप केलेल्या दोन ओळी होत्या. डोक्यावरून पदर घेतला, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मामंजी," मी म्हटलं, "भोपाळहून निरोप आहे. तुमची नोकरी संपली. उद्यापासून कचेरीत जायचं नाही."

ते ऐकत होते. मी उभी राहिले. चुलीवर वरण होतं, ते लागल्याचा वास आला, तरी मी हलले नाही. बाहेर गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला.

"बस, सूनबाई," मामंजी म्हणाले.

मी बसले.

"बघ," ते म्हणाले, "इतकंच म्हणायचं असतं."